ट्रॅकिंग

कपाटात एकशे बेचाळीस कॅसेटी.
त्यातल्या एकोणीस बीटाच्या,
त्या आता कुठल्याच यंत्रात जात नाहीत, फक्त कपाटात जातात.
प्रत्येकीजवळ सिलिका जेलची एक पुडी,
विद्यापीठाच्या बीज-प्रयोगशाळेतून खिशात घालून आणलेली.
ज्वारीचं बियाणं सादळू नये म्हणून सरकार ती देतं,
मी त्यात थोडं अंतराळ कोरडं ठेवतो.
(परभणीच्या मे महिन्यात याची गरज नसते.)

बायको विचारते, कामून जपायलात हे डबडे?

पुठ्ठ्याचं यान. वर्खाचा कागद.
कप्तानाच्या अंगावर पडद्याच्या कापडाचा डगला,
आणि यानाला वर धरणारा दोरा दिसतो.
मला तो दोरा दिसलेलाच आवडतो.

तिसऱ्या भागात ग्रहावर उतरताना
आभाळ दोनदा फाटतं.
ते कथेत नाही.
तो माझा भाऊ आहे, रत्नाकर,
गच्चीवर अँटेना फिरवत,
आलं का?
आलं, आलं — गेलं!
आता तो नाशिकला असतो, गुडघे दुखतात म्हणतो.
इथं मात्र अजून आभाळ हलवतो.

सातव्या भागाच्या रविवारी लाईट गेली.
नऊ भागांतला तेवढा एक राहिला,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तसा मी चोवीस वर्षं तिथं जात राहिलो.
सेलू, जिंतूर, गंगाखेड,
बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्या,
आत आता मोबाईलचे कव्हर किंवा खताची पोती.
शेवटी मानवतला मुनीरमियाच्या माळ्यावर सापडला,
उंदरांनी लेबल खाल्लेला.
त्यांनी किलोवर दिला. मी वजनाला हरकत घेतली नाही.

एकोणीस मिनिटं यान चालतं.
टाकीत पाणी संपलंय.
कप्तान शेवटचा पेला पुढं करतो, कोणीच घेत नाही,
मग बर्फाची एक आडवी रेघ,
आणि मांडव.
शूटिंगवाल्याला त्या दिवशी कोरी कॅसेट मिळाली नव्हती.

हे कळत कळत पाथरीपर्यंत गेलं असणार.
मागच्या महिन्यात कुशावर्ताबाई आल्या,
एसटीनं, हातात पिशवी, पिशवीत सीताफळं.
शूटिंगवाल्याचे दोनशे राहिले होते, म्हणाल्या,
म्हणून कॅसेट कधी घरी आलीच नाही.
पैसे आणलेत.

व्हीसीआरचं फॉरवर्डचं बटण कधीच गेलंय.
हेड स्पिरिटनं पुसलं. ट्रॅकिंग जुळवलं.
त्यांना सगळं यान बघावं लागलं,
पदराचं टोक हातात धरून, परीक्षेला बसल्यासारखं.
दोऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.
बर्फ आल्यावर एवढंच विचारलं,
पाणी भेटलं का मग त्यांला?

मी उत्तर देणार तोवर हळद लागली.
नवरदेव आला तेव्हा त्या म्हणाल्या,
हे असू द्या, हे रोजच बघते.

मग पंगत.
आणि पंगतीच्या कडेनं
एक वाकलेला माणूस, स्टीलचा जग घेऊन, ओळीनं पाणी वाढत.
कॅमेरा वळल्यावर थबकला.
मला कशाला घ्यायलास रे, तिकडं घे.
आणि पुढच्या पेल्याकडं सरकला.
अकरा सेकंद.

कुशावर्ताबाई हलल्या नाहीत.
आवाज विसरले होते, म्हणाल्या. घरात एकच फोटो आहे,
रेशन कार्डाचा, त्यात दादांचे डोळे मिटलेत.

तीनदा लावलं.
तीनदा एकोणीस मिनिटं, तीनदा ते यान तहानलेलं.
शेवटच्या वेळी त्यांनी मोबाईलवर शूट केलं,
पंख्याच्या आवाजासकट, पडद्यावरच्या धावत्या पट्ट्यांसकट.
दोनशे रुपये टीव्हीवर ठेवले.
मी कोण ते घेणारा, पण परतही करता आले नाहीत.

फीत दर वेळी थोडी झिजते.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

पाणी कुठून मिळालं
ते आठव्या भागात आहे, सविस्तर, यंत्रं दाखवून.
आठवा भाग मी अलीकडं लावत नाही.